वायफाय अडॅप्टरच्या खोक्यावर चिपचे नाव छापले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात गेल्या काही वर्षांत घरोघरी फायबर आले. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पांढरा डबा बसला आणि घरातले सगळे मोबाइल त्याला जोडले गेले. मागे राहिला तो आतल्या खोलीतला टेबलावरचा संगणक. त्याला लॅनची वायर लागते, ती आत न्यायची तर भिंतीला भोक पाडावे लागते, आणि भाड्याच्या किंवा नुकत्याच रंगवलेल्या घरात ते कोणालाच नको असते. मग ‘यात वायफायच नाही’ एवढ्याच कारणावरून चांगला चालता संगणक भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. वास्तविक यूएसबीत खोचायचा वायफाय अडॅप्टर, ज्याला आपल्या दुकानांत डोंगल किंवा रिसीव्हर म्हणतात, तीन-चारशे रुपयांपासून मिळतो आणि हे काम चोख करतो. अडचण निराळीच आहे. कोणता अडॅप्टर घ्यावा हे ठरवायला जी गोष्ट सर्वांत आधी कळायला हवी, म्हणजे त्याच्या आत कोणत्या कंपनीची कोणती चिप आहे, तीच खोक्यावर सापडत नाही. आयातदारांनी आणि विक्रेत्यांनी ती छापावी आणि तोवर ग्राहकांनी ती मागून घ्यावी, यासाठी हा पत्रप्रपंच.

मी एका तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत नोकरी केली. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या लोकांचे, सोसायट्यांच्या कार्यालयांचे आणि एक-दोन वाचनालयांचे संगणक हाताखालून जात असतात. हे संगणक जुने असले तरी टाकाऊ नसतात. कोणाकडे सोसायटीचे सगळे हिशेब त्यावर असतात, कोणाकडे सुईच्या प्रिंटरवर पावत्या निघत असतात, तर छपाईची किरकोळ कामे घेणाऱ्यांकडे श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम असे मराठी टाइप करण्याचे सॉफ्टवेअर टाकलेले असते आणि वर्षानुवर्षांचा मजकूर त्याच फॉन्टमध्ये अडकलेला असतो. असा संगणक बदलणे म्हणजे नुसते नवे यंत्र आणणे नसते, सगळी घडी नव्याने बसवणे असते. हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवली आणि रॅम चार-आठ जीबी केली, तर दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणकही पत्रव्यवहार, हिशेब आणि ऑनलाइन अर्ज यांना पुरून उरतो. त्याला हवे असते ते फक्त नेट.

आता चिपचा मुद्दा. बाजारात अडॅप्टरचे ब्रँड पुष्कळ दिसतात, पण आतल्या चिपा बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत. स्वस्त मालात बहुधा रिअलटेकची नाहीतर मीडियाटेकची चिप निघते (जुन्या मालावर दिसणारे रॅलिंक हे नाव २०११ मध्ये मीडियाटेकमध्ये विलीन झालेल्या कंपनीचे). ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवायला संगणकाला लागणारे सॉफ्टवेअर, मिळतो तो चिपसाठी. वरच्या प्लास्टिकवर कोणाचे नाव आहे याच्याशी विंडोजला किंवा लिनक्स या मोफत प्रणालीला काही देणेघेणे नसते. त्यात आणखी गुंता असा की, मॉडेलचा क्रमांक तोच ठेवून आतली चिप बदलली जाते. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या गाजलेल्या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून तिथे रिअलटेकची आली. पहिली आवृत्ती लिनक्सवर कसलीही खटपट न करता चालत असल्यामुळे लोक एकमेकांना त्या मॉडेलची शिफारस करत राहिले, आणि दुकानातून मिळाली ती दुसरी. फरक होता तो मागच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरात छापलेल्या ‘व्ही १’ आणि ‘व्ही २’ एवढाच. नामांकित कंपनीच्या मालाचे हे, तर ज्या खोक्यावर कंपनीचे नावही धड वाचता येत नाही त्याबद्दल काय बोलावे?

चिपचे नाव नसले तरी खोक्यावर आकडे मात्र ठळक असतात. ‘६०० एमबीपीएस’ असे लिहिलेला अडॅप्टर घेतला की सहाशेचा वेग मिळेल असा ग्राहकाचा समज होतो. हा आकडा बनतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. अशा अडॅप्टरला वायफायच्या लहरींचे दोन पट्टे पकडता येतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जास्तीत जास्त १५० आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जास्तीत जास्त ४३३, यांची बेरीज होते ५८३, ती वर चढवून ६०० केली जाते. परंतु असा अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलेला असतो, त्यामुळे ही बेरीज कोणाच्याच वाट्याला येत नाही. ‘१२००’ म्हणजे असेच ३०० आणि ८६७. त्यातले ८६७ जुन्या संगणकाच्या यूएसबी २.० पोर्टमधून पुढे जाणेच शक्य नाही, कारण त्या पोर्टची कागदावरची मर्यादाच ४८० आहे आणि प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास हाती लागतात. यूएसबी ३.० पोर्ट २००८ नंतरचे, आणि ते बहुधा आतल्या निळ्या पट्टीवरून ओळखू येतात. संगणकाला तसे पोर्ट नसतील, तर महागडा अडॅप्टर घेण्यात पैसे वाया जातात हे दुकानदाराने सांगायला हवे. ते सहसा कोणी सांगत नाही.

नखाएवढा जो सर्वांत स्वस्त अडॅप्टर मिळतो, त्यावर १५० लिहिलेले असते. तो १५० चा आकडा ४० मेगाहर्ट्झ रुंदीची वाट मिळाली तरच खरा. भारत इतिहास संशोधक मंडळापासून टिळक रस्त्यापर्यंत कुठल्याही इमारतीत मोबाइलवर वायफायची यादी उघडून पाहावी, शेजारपाजाऱ्यांची वीस-पंचवीस नावे सहज दिसतात. एवढ्या दाटीत उपकरण २० मेगाहर्ट्झवर येते, तिथे कमाल ७२ होते, आणि त्यातलेही प्रत्यक्ष वापराला निम्म्याच्या आसपास उरतात. घरी शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतलेल्या माणसाला संगणकावर तीस-पस्तीस मिळाले की तो नेट कंपनीच्या नावाने बोटे मोडतो. मेल पाहायला आणि अर्ज भरायला तीस-पस्तीसही भरपूर आहेत, हे मात्र तितकेच खरे. ज्याला तेवढेच करायचे आहे, त्याने नखाएवढा अडॅप्टर घेतला तरी बिघडत नाही.

पट्ट्यांची निवड घराच्या भिंती पाहून करावी लागते आणि या बाबतीत पुण्यात दोन अगदी वेगळी जगे आहेत. ५ गिगाहर्ट्झची लहर साधारण सहा सेंटिमीटरची, २.४ ची साडेबारा सेंटिमीटरची. पहिलीवर गर्दी कमी आणि वेग जास्त, पण भिंतीपुढे ती लवकर हात टेकते. दुसरी भिंतीपलीकडे पोहोचते, पण सगळ्या शेजाऱ्यांशी तिची धक्काबुक्की चाललेली असते. बाणेर-बालेवाडीच्या नव्या इमारतीत खोल्यांमधल्या विटांच्या भिंती पातळ असतात, तिथे दोन्ही पट्टे पकडणारा ड्युअल-बँड अडॅप्टर उत्तम. पेठांमधल्या वाड्यात, जिथे दगड-मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या आहेत, तिथे ५ गिगाहर्ट्झवर फार विसंबून चालत नाही.

नारायण पेठेतल्या अशाच एका वाड्यात विद्यार्थ्यांची अभ्यासिका चालते. राउटर पुढच्या खोलीत, संगणक माजघरात, आणि मधल्या भिंतीला हात लावायला मालकांची परवानगी नाही. तिथल्या संगणकाच्या कॅबिनेटला मागच्या बाजूने अडॅप्टर लावला होता. कॅबिनेट टेबलाखाली, त्याची पाठ भिंतीला, आणि पत्र्याची पेटी अडॅप्टर आणि राउटर यांच्या बरोबर मध्ये. रेंज एका काडीवर, आणि पान उघडता उघडता तीही जायची. नवा अडॅप्टर न आणता यूएसबी एक्स्टेंशन वायर लावली, आणि तोच अडॅप्टर टेबलावरून नेऊन दाराच्या चौकटीच्या वरच्या लाकडाला दोऱ्याने बांधला. दारातून लहरींना वाट मोकळी असल्यामुळे रेंज तीन काड्यांवर आली आणि टिकली. ही वायर शंभर-दीडशे रुपयांची असते. माझ्या मते प्रत्येक अडॅप्टरबरोबर ती द्यायला हवी, कारण वेगासाठी लोक जेवढी काळजी खोक्यावरच्या आकड्याची करतात, त्याच्या चौथ्या हिश्शानेही अडॅप्टर कुठे लटकतो आहे याची करत नाहीत. वायर फार लांब मात्र घेऊ नये, तीन-चार मीटरपुढे यूएसबीचा सिग्नलच ढेपाळतो.

या एक्स्टेंशन वायरचा आणखी एक उपयोग कमी लोकांना माहीत असतो. यूएसबी ३.० चे पोर्ट आणि त्यात लावलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्क यांच्यामुळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर माहितीपत्रक काढले होते. निळ्या पोर्टात नखाएवढा अडॅप्टर आणि शेजारच्या पोर्टात हार्ड डिस्क अशी जोडी असली की ‘बॅकअप चालू केला की नेट जाते’ अशी तक्रार येते, आणि बिचारा राउटर बदलला जातो. अडॅप्टर हातभर लांब नेला की हा त्रास बहुतेक वेळा थांबतो. तसेच कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांपेक्षा मागचे पोर्ट अधिक भरवशाचे, कारण ते थेट मदरबोर्डवर असतात. पुढचे पोर्ट आतून वायरने जोडलेले असतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये त्या वायरींची अवस्था काय झालेली असेल सांगता येत नाही.

खरी दमछाक होते ती ड्रायव्हरपाशी. खोक्यात तळहाताहून लहान अशी एक सीडी निघते. ती लावायची कशात? संगणकातला सीडी ड्राइव्ह एकतर बंद पडलेला असतो किंवा तो कधी नव्हताच. ‘ड्रायव्हरची गरज नाही’ असे लिहिलेले काही अडॅप्टर असतात. ते खोचले की संगणकाला आधी एक छोटीशी सीडीच दिसते, तिच्यातला सेटअप चालवला की मग ते वायफायच्या रूपात येतात. विंडोजवर ही युक्ती सोयीची आहे, लिनक्सवर मात्र सीडीच दिसत राहते आणि माणूस चक्रावतो. सेटअपही नसला की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासह ‘८०२.११एन’ अशा काहीतरी नावाची ओळ उमटते. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स या पानावर हार्डवेअर आयडी निवडला की व्हीआयडी (उत्पादकाचा) आणि पीआयडी (उत्पादनाचा) असे दोन संकेतांक मिळतात. व्हीआयडी ‘०बीडीए’ असेल तर चिप रिअलटेकची, ‘१४८एफ’ असेल तर रॅलिंकची. जी माहिती खोक्यावर एका ओळीत मावली असती, ती अशी पाठीमागच्या दाराने मिळवावी लागते. आणि ज्याला हे जमत नाही तो ‘वायफाय ड्रायव्हर’ असे शोधून पहिल्या दिसेल त्या ठिकाणाहून ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचे काहीतरी उतरवून घेतो, ज्यातून ड्रायव्हर सोडून बाकी सगळे संगणकात शिरते.

ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, या पेचातून सुटायला अँड्रॉइड फोन पुरतो. फोन चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडून सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की विंडोज १० वर आणि लिनक्सवर सहसा लगेच नेट येते. फोन घरच्या वायफायला जोडलेला असला तर टेदरिंगमधून त्याच वायफायचे नेट मिळते, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. घरात खणात पडून असलेला जुना फोन असेल, तर तोच कायमचा अडॅप्टर म्हणून वापरता येतो आणि एक पैसाही खर्च होत नाही. फुगलेल्या बॅटरीचा फोन मात्र त्यासाठी वापरू नये. हा उपाय सांगितला की दुकानदार नाराज होतात, याला माझा इलाज नाही.

‘इतक्या जुन्या संगणकाला नेट देणेच धोक्याचे’ असा आक्षेप जाणकार घेतात आणि त्यात तथ्य आहे. विंडोज ७ चा कंपनीकडचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे या पत्रातले बहुतेक संगणक तिथे पोहोचतच नाहीत. विंडोज ७ वर बँकेचे व्यवहार करू नयेत हे मी प्रत्येकाला बजावतो. श्रीलिपीसाठी ते विंडोज ठेवावेच लागत असेल, तर तो संगणक नेटविना चालवावा आणि फाइली पेन ड्राइव्हने न्याव्यात. बाकीच्यांना लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकता येते, आणि इथे पुन्हा गाडी चिपवर येऊन थांबते. मीडियाटेकच्या एमटी७६०१यू या साध्या चिपचा ड्रायव्हर २०१५ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे, अडॅप्टर खोचला की काम झाले. रिअलटेकच्या ड्युअल-बँड चिपांपैकी कित्येकींचा ड्रायव्हर मात्र वर्षानुवर्षे बाहेरून आणून संगणकावर कंपाइल करावा, म्हणजे मूळ कोडवरून तयार करून घ्यावा लागे, आणि कर्नल बदलला की ते सगळे पहिल्यापासून. अलीकडच्या कर्नलमध्ये ही स्थिती सुधारली आहे. तरीही साठीच्या माणसाला कमांड टाइप करत बसायला लावण्यापेक्षा त्याला योग्य चिपचा अडॅप्टर मिळावा हे बरे. तो मिळायला चिपचे नाव खोक्यावर असायला हवे.

नेट जोडून देणाऱ्या कंपन्यांच्या तंत्रज्ञांनीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवली की अनेक जुने अडॅप्टर जोडलेच जात नाहीत, पासवर्ड बरोबर असूनही नकार येतो. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालतील अशी मिश्र सोय बहुतेक राउटरमध्ये असते, ती द्यावी. दुसरी गोष्ट चॅनेलची, म्हणजे पट्ट्यातल्या वाटांच्या क्रमांकांची. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झवर तेराव्या चॅनेलपर्यंत मुभा आहे, पण अमेरिकेच्या नियमांनुसार बांधलेले अडॅप्टर अकराच्या पुढे पाहतच नाहीत. राउटर स्वतःहून बारा-तेरावर गेला की शेजाऱ्यांची सगळी नावे दिसतात आणि आपलेच दिसत नाही. चॅनेल १, ६ किंवा ११ वर पक्का केला की प्रश्न मिटतो.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर वेष्टनबंद मालावर काय छापायचे हे वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांत दिलेले आहे. आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, मूळ देश, ग्राहकाने तक्रार कुठे करायची, हे सगळे त्यात येते. वायरलेस उपकरणाला त्याशिवाय दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची मान्यता लागते, आणि ती घेताना उपकरणाचा तांत्रिक तपशील द्यावाच लागतो. म्हणजे आयातदाराला तो माहीत नसतो असे म्हणायला जागा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये मालाचा दर्जा आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क स्पष्टपणे सांगितला आहे. चिपचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, कोणते पट्टे, प्रत्येक पट्ट्याचा वेगवेगळा आकडा आणि कोणत्या प्रणालीवर चालतो, एवढ्या चार-पाच ओळी छापायला कागद वाढत नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये पुण्यातच सुरू झाली. तिच्या कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घेऊन वैधमापन खात्याकडे मांडावा, अशी माझी विनंती आहे.

तोपर्यंत तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा अन्य कुठे अडॅप्टर घ्यायला जाणाऱ्यांनी आपल्या संगणकावर कोणती विंडोज किंवा लिनक्स आहे ते कागदावर लिहून न्यावे, मागचे पोर्ट निळे आहेत की काळे ते पाहून जावे, आणि बिल करताना मॉडेलच्या पुढे आवृत्ती, चिपचे नाव आणि ‘अमुक प्रणालीवर चालेल’ हे शब्द दुकानदाराच्या हातून लिहून घ्यावेत. काही जुने दुकानदार मागितल्यावर खोके उघडून दुकानातल्या संगणकावर लावूनही दाखवतात, त्यांच्याकडून पन्नास रुपये जास्त देऊन घेतले तरी परवडते. लिहून द्यायला जो नकार देईल त्याच्याकडून घेऊ नये. लिहून दिलेले असूनही अडॅप्टर चालला नाही आणि बदलून मिळाला नाही, तर ते बिल हाताशी ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक,
कर्वेनगर, पुणे